सूप थांबलं की शब्द बाद

सोलापूर,
शुक्रवार, भर दुपार

प्रिय अक्षता,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा ते आधीच फोडलेलं असेल. तुझ्या नावानं मंगळवेढ्याला काहीही आलं की आधी अण्णा वाचतात, हे मला ठाऊक आहे. वाचू देत. अण्णा, नमस्कार करते, सावकाश वाचा, चष्मा लावून वाचा. त्यांच्याही आधी कोर्टातल्या समुपदेशक बाई वाचणार आहेत, कारण त्यांनी मला तशी अटच घातली आहे. आणि त्यांच्याही आधी आपल्या घरातलं कुणीही येऊन माझ्या खांद्यावरून डोकावू शकतं. मी काही माळ्यावर लपून लिहीत नाही. सोप्यात मधोमध चटई टाकून बसले आहे, दारं-खिडक्या सताड उघड्या. मघाशी हे दुकानातून आत आले, काय लिहितेस म्हणाले. म्हटलं, अक्षताला पत्र. पाणी प्यायले आणि परत गेले.

सगळ्यात आधी एकच सांगते, बाकीचं मागाहून वाच. पुढच्या गुरुवारी सही करू नकोस. परवा अण्णांचा दुकानात फोन आला होता, की पोरगी कंटाळली, सही करून मोकळी होते म्हणते. म्हणजे आपलं डोकं ठिकाणावर नाही असं तू स्वतःच्या हातानं लिहून देणार, त्यावर नंदीश तुला सोडणार आणि शांभवी इथंच राहणार, कारण वेडीच्या हाती पोर कोण देतं? अगं, याला मोकळं होणं म्हणतात? पोटची पोर इथं टाकून तू तिकडं मोकळी, हे कुठलं मोकळं? मला हे कळलं तेव्हा माझ्या हातात काठवट होती. मी ती खाली ठेवली असं मी म्हणते, घरातले सगळे म्हणतात आपटली.

आता बाईंना माणसं कळावीत म्हणून थोडं सांगते, तू कंटाळू नकोस. बाई, मी दानेश्वरी, घरातली थोरली सून. अक्षता धाकटी, माझी जाऊ; अण्णा तिचे वडील. नंदीश तिचा नवरा, माझा धाकटा दीर, पुण्याला नोकरी लागल्यापासून साहेब झालेला. अत्ती म्हणजे आमच्या सासूबाई, नागव्वा. आणि मघाशी पाणी पिऊन गेले ते माझे यजमान, महेश्वर. घेतलं नाव, उखाण्याशिवाय, बघा. आमचा धंदा कडक भाकरीचा आणि शेंगा-चटणीचा. पुढं दुकान, मागं चुली. चुलीपाशी आम्ही दोघी जावा, समोर उंबऱ्यात अत्ती, मांडीवर सूप घेऊन ज्वारी पाखडत बसलेल्या. शांभवी तिथंच, आमच्या पायांत रांगत मोठी झाली.

अक्षता, तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुला कानडीचं 'बा' म्हणजे ये, एवढंही कळत नव्हतं. घरात सगळे कानडी बोलायचे आणि तू मंगळवेढ्याची, तोंडाकडं बघत बसायचीस. मी अक्कलकोटकडची, मला दोन्ही घरचंच. तुला शिकवलं कुणी? मी. आणि वर्ष उलटायच्या आत तू दूधवाल्याला कानडीत असं काही झापलंस, की मामंजी, देव त्यांना शांती देवो, हसता हसता खोकायला लागले. पण तिथंच आपली गोची झाली. तुला कानडी येत नव्हतं तोवर निदान मला तुझ्याविषयी काही पुटपुटता तरी येत होतं! आता दोघींना दोघींचं खासगी बोलायचं तर कशात बोलायचं? मराठी सगळ्यांना येतं. कानडी सगळ्यांना येतं. भिंतीपलीकडं काशम्मा, त्यांच्या घरी माग होते, तिला तेलुगू धरून सगळं येतं. दख्खनी तर अख्ख्या बाजाराला येते. इंग्रजी म्हणावं तर ती आपल्याला अर्धी आणि नंदीशला पुरी. सोलापुरात पोटभर जेवायला कुठंही मिळेल, पण गुपित बोलायला भाषा मिळायची नाही. मग तूच एक दिवस भाकरी थापता थापता म्हणालीस, दानक्का, नसेल तर करू की.

आणि केली गं आपण! नाव काही ठेवलं नाही, 'आपलं' म्हणायचो. नियम एकच होता, आणि तो मी आज सगळ्यांसमोर फोडते, कारण आता त्याची लाज कशाला. नवा शब्द केला की तो चुलीपाशी मोठ्यानं बोलायचा आणि कान अत्तींच्या सुपाकडं ठेवायचा. सूप सपसप चालू राहिलं तर शब्द पास. सूप थांबलं की शब्द बाद, म्हणजे तो कुठल्या तरी भाषेत कशाला तरी लागतोय. किती शब्द त्या सुपानं मारले! 'बल्ली' आठवतं? पाहुणे आलेत, चहा टाक, असा त्याचा अर्थ ठरवला होता आपण. सुपानं तो पास केला आणि आपण खूश. दुसऱ्या दिवशी काशम्मा विरजण मागायला आली, तू ऐटीत मला म्हणालीस, बल्ली! ती बाई किंचाळून मागं सरली, छताकडं बघायला लागली. तेलुगूत बल्ली म्हणजे पाल. आपण दोघी पदर तोंडात कोंबून हसलो. हा शब्द बाद झालेला आहे म्हणून इथं लिहिला. चालू शब्दांपैकी एकही या पत्रात लिहिणार नाही. का, ते पुढं सांगते.

पहिल्यांदा आपल्याकडं नुसती वस्तूंची नावं होती. तवा, पाणी, सासू, लपव, उतू गेलं. विचारायला काही नव्हतं. मग एकदा तू माहेराहून आलीस ती डोळे सुजवून. मला विचारायचं होतं काय झालं, आणि आपल्या बोलीत 'काय' नव्हतं. मी मराठीत विचारलं, सूप थांबलं, आणि तू काही नाही म्हणून पीठ मळायला लागलीस. त्या दिवशी दुपारी ज्वारी वाळत घालायला गच्चीवर गेलो तेव्हा आपण 'काय' केलं, 'कोण' केलं, 'कुठं' केलं. 'कधी' मात्र तू पोटुशी असताना झालं. नववा महिना लागल्यावर तू दिवसातून दहा वेळा तेच विचारायचीस, म्हणून तो शब्द इतका छोटा ठेवला, की दम लागला तरी म्हणता यावा.

'का' करायला आपण दोघीही घाबरलो होतो, हे तुला आठवतं का? कोण, कुठं, कधी, हे विचारलं तर उत्तर मिळतं. सुनेनं 'का' विचारलं की उत्तर मिळत नाही, माहेरच्या माणसांना बोलावणं जातं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी या घरात मराठीत किंवा कानडीत कधी 'का' विचारलं असेल तर शपथ. तो शब्द तू केलास. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो आधी नाचतो आणि मग चर्रकन जातो, त्या आवाजावरून केलास. आणि एकदा तो हातात आल्यावर काय सांगू! आपण दिवसभर 'का'च विचारत होतो. हे आधी का जेवतात? मला एमए करायचं होतं ते का नाही झालं? नंदीश फोन घेऊन गच्चीवर का जातो? उत्तरं नव्हतीच, पण विचारूनच पोट भरायचं.

मग मनाचे शब्द. बाई, तुम्ही मला विचारलंत, की बायकांच्या खेळातल्या भाषेत असे किती शब्द असणार. या घरातल्या सुनेला लागतात तेवढे सगळे होते. मराठीत राग एकच, आम्हाला तो पुरेना. पाहुण्यांपुढं हसत हसत गिळायचा राग वेगळा आणि आपल्या भाकरीचं कौतुक दुसऱ्यानं घेतलं की येतो तो वेगळा. दोन्हीला शब्द केले. जावाजावांत असतो त्या हेव्यालासुद्धा केला, उगाच सोवळेपणा कशाला? तुला इरकल लुगडं आलं आणि मला आलं नाही, तेव्हा मी दिवसभर भांडी आदळत होते. तू येऊन माझ्याकडं बोट दाखवून तो शब्द म्हणालीस, नुसता तो शब्द. असा संताप आला मला, आणि मग असं हसू आलं, की पीठ सांडलं. त्यानंतर तो हेवा मला पुन्हा तसा कधी चावला नाही. आणि तो दिवाळीचा शब्द. तुझा भाऊ न्यायला येणार म्हणून तू सकाळपासून पिशवी भरून दारात बसली होतीस, गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि तो आलाच नाही. संध्याकाळी तू म्हणालीस, दानक्का, हे रडू नाही, हा राग नाही, हे छातीत काहीतरी तिसरंच आहे, वाट बघणाऱ्याचं. त्याला शब्द दे. तो मी दिला. आपल्या सगळ्या बोलीत माझा म्हणावा असा तो एकच, बाकी हुशारी तुझी.

आता त्या रेकॉर्डिंगचं. मी भावाच्या लग्नाला माहेरी गेले होते, तू चुलीपाशी एकटी होतीस, आणि आठ वर्षांची सवय, तू माझ्याशी बोलत बसलीस. माणूस देवाशी बोलतं, तुळशीशी बोलतं, गेलेल्या नवऱ्याच्या फोटोशी बोलतं, त्याला कुणी वेडं म्हणत नाही. जावेशी बोललीस म्हणून तू वेडी! सुट्टीला घरी आलेल्या नंदीशनं दाराआडून ते फोनमध्ये घेतलं, आणि मी परत आले तोवर तुला अण्णांबरोबर मंगळवेढ्याला पाठवून पोर ठेवूनही घेतली होती. मग सोप्यात सगळ्यांना बसवून त्यानं ते ऐकवलं. चुलत सासरे कपाळाला हात लावून, शिव शिव करत बसले. मी दारात उभी होते आणि मला शब्द न् शब्द कळत होता. मी म्हटलं, ही भाषा आहे, आम्ही केली आहे, मला कळतंय ती काय म्हणतेय. नंदीश हसला. म्हणाला, वहिनी, तुमची माया समजते मला, पण असं खोटं बोलून तिचा आजार बरा होणार नाही. आजार म्हणे! आणि अत्ती तिथंच बसून पाखडत होत्या. त्या दिवशीही सूप थांबलं नाही. खरं सांगते, अक्षता, त्या दिवशी मला त्या सुपाचा इतका तिटकारा आला, की वाटलं उचलून चुलीत घालावं.

हे म्हणाले, घरचं घरात ठेव. मी ठेवलं नाही. सोमवारी नवं लुगडं नेसून, शांभवीला काशम्माकडं ठेवून, रिक्षा करून कोर्टात गेले. जाताना दुकानात सगळ्यांसमोर सांगून गेले, की कुठं चालले आणि कशाला. समुपदेशक बाई पहिल्यांदा हसल्या. बाई, रागावू नका, हसलात तुम्ही. मी म्हटलं, आम्हा दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा. ते रेकॉर्डिंग तिला ऐकवा आणि मला ऐकवा. दोघींना त्याचं मराठी करू द्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. जुळलं नाही तर दोघींनाही वेड्यांच्या दवाखान्यात पाठवा, मी माझी पिशवी घेऊनच येते. मग त्या हसायच्या थांबल्या. पेन टेबलावर आपटलं आणि म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात गुरुवारी दोघीही या. तोवर भेटायचं नाही, फोन करायचा नाही. पत्र लिहायचं असेल तर मराठीत लिहा, आधी मला दाखवा. म्हणून हे असं उघडंवाघडं पत्र. म्हणून यात आपला एकही चालू शब्द नाही, आणि त्या दिवशी चुलीपाशी तू काय बोललीस हेही नाही. मला ते सगळं पाठ आहे. तू मला कोणता प्रश्न विचारत होतीस आणि त्यावर कोणता मनाचा शब्द लावलास, ते मी गुरुवारीच सांगणार, आणि तेही माझ्या खोलीत बसून. तू तुझ्या खोलीत सांग. घाबरू नकोस, पाठांतर करू नकोस. आपली भाषा तू विसरशील असं मला वाटत नाही.

घरात माझं काय होईल विचारशील. काल हे म्हणाले, तुलाही वेडी म्हणतील, मग मी काय करू? म्हटलं, म्हणू देत, दोन वेड्यांना मिळून या घराच्या भाकऱ्या थापायला लागतात हेही सांगा लोकांना. नंदीशचा पुण्याहून फोन येतो, वहिनी, घर मोडाल. मी म्हटलं, घर तू मोडलंस बाबा, मी फक्त कुणी मोडलं ते सांगायला चाललेय. फोन ठेवला त्यानं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या पुरुषाला तोंडावर असं बोलले, आणि गंमत म्हणजे आभाळ काही कोसळलं नाही. दुपारचा डाळीचा कुकर तेवढा जास्त शिट्ट्या देऊन गेला.

शांभवी बरी आहे. वेणी मी घालते, डब्याला तिला गूळ-पोळी लागते, शाळेत नीट जाते. तिला मी आपले प्रश्नाचे शब्द शिकवले आहेत. मनाचे नाही शिकवले, ते तिचे तिला फुटतील. पण आई घरात नसलेल्या पोरीला विचारायला तरी आलं पाहिजे. मग ती घरभर विचारत हिंडते, आई कुठं, आई कधी. बापाला फोनवर विचारते, आजोबांच्या फोटोला विचारते. कुणाला कळत नाही. उत्तर मी एकटीच देते, आणि खरं सांगू, रोज तेच उत्तर देऊन माझीही जीभ जड झाली आहे.

आणि आता ज्यासाठी हे पत्र आजच लिहायला बसले ते. काल दुपारी मी चुलीपाशी होते. शांभवी उंबऱ्यात अत्तींना टेकून बसली होती, कोंडा उडवत. तिनं आपल्या बोलीत विचारलं, आई कुठं? मला वाटलं, नेहमीसारखं मलाच विचारतेय, मी तोंड उघडणार, तेवढ्यात अत्ती बोलल्या. मान वर केली नाही. पाखडता पाखडताच बोलल्या, आणि आपल्या बोलीत बोलल्या, अक्षता! आई येईल, म्हणाल्या. आणि मग सुपातला एक हात काढून स्वतःच्या छातीवर ठेवला आणि दिवाळीचा तो शब्द म्हणाल्या. माझा शब्द. वाट बघणाऱ्याचा. स्वतःसाठी म्हणाल्या. पोरीनं कळल्यासारखी मान हलवली आणि पुन्हा कोंडा उडवायला लागली. सूप चालूच होतं. थांबला तो माझा हात, भाकरी तव्यावर करपून काळी झाली. मी विचारलं, अत्ती, कधीपासून कळतं तुम्हाला? तर माझ्याकडं बघून म्हणाल्या, आठ वर्सं माज्या कानापाशी बोलताय की गं, मी काय बहिरी हाय व्हय? सूप थांबलं की तुमी गप व्हता, त्ये ध्यानात आल्यावर मग थांबवलं न्हाय. त्यांनी सुपातले खडे वेचून बाजूला टाकले, नवी ज्वारी घेतली, आणि म्हणाल्या, गुरुवारी मीबी येणार हाय. त्या बाईस्नी सांग, तिसरी खोली मोकळी ठेवा म्हणावं. तेव्हा अक्षता, तू सही करायला येऊ नकोस. बोलायला ये.

वाट बघत,
तुझीच,
दानक्का